एक रुपया किलोचं श्री अन्न

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याला एक परिशिष्ट आहे. रेशनवरचं धान्य जास्तीत जास्त काय भावाने द्यायचं, ते त्यात तेव्हा लिहिलं होतं: तांदूळ किलोला ३ रुपये, गहू २ रुपये, भरडधान्य १ रुपया. भरडधान्य म्हणजे ज्वारी, बाजरी, नाचणी आणि त्यांची भावंडं. आपल्याकडे कोणत्या धान्याला किती मान आहे, हे इतक्या मोजक्या आकड्यांत दुसरीकडे कुठे लिहून ठेवलेलं मला तरी आढळलेलं नाही.

दहा वर्षांनी, २०२३ च्या अर्थसंकल्पात, याच भरडधान्याचं ‘श्री अन्न’ असं बारसं झालं. त्याआधी २०१८ मध्ये सरकारी कागदांवर ते ‘पोषक धान्य’ झालं होतं. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे त्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष ठरवलं आणि सप्टेंबरात दिल्लीत जी-२० च्या पाहुण्यांना राळा आणि सांवा वाढला गेला. दाणा होता तसाच होता. खाणारे बदलले.

आमच्याकडे, सोलापूरच्या बाजूला, पाहुणा आला की चपात्या व्हायच्या. गव्हाचा डबा उंचावर असायचा. एकदा एका पाहुण्यानेच भाकरी मागितली, तर आजी ओशाळून म्हणाली, “पाव्हण्याला भाकरी वाढत्यात व्हय?” आता पुण्यातली तिचीच नातवंडं बाहेर जेवायला गेली की भाकरी मागवतात. ती चपातीपेक्षा महाग असते आणि टोपलीत रुमाल घालून येते.

चपातीला हा मान नुसत्या दिमाखाने मिळालेला नाही, त्यात थोडं रसायनशास्त्रही आहे. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की त्यातल्या प्रथिनांची लवचीक जाळी तयार होते. तिला ग्लूटेन म्हणतात. ती पाणी आणि वाफ धरून ठेवते, म्हणून सकाळी सहाला लाटलेली चपाती दुपारी एकला डब्यात मऊ असते. ज्वारीच्या प्रथिनांना अशी जाळी विणता येत नाही. तिथे सगळी भिस्त स्टार्चवर. म्हणून आधण घालायचं, म्हणजे पिठातलं थोडं स्टार्च शिजून चिकट होतं आणि पीठ एकत्र धरून ठेवतं. मग तळहाताच्या टाचेने रगडून मळायचं, थापायचं, तव्यावर टाकल्याबरोबर वरून पाण्याचा हात फिरवायचा. तो फिरवला नाही तर वरचा थर आधी वाळतो आणि चिरतो. तो ओला राहिला तर आतली वाफ त्याला उचलते आणि पापुद्रा सुटतो. हे सगळं ज्यांना जमतं त्यांना कुणी अन्नतंत्रज्ञ म्हणत नाही.

पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापतानाच तुटते. बाजरीचं तर आणखी कठीण. तिच्यात स्निग्धांश बराच, सुमारे ५ टक्के, आणि दळलं की दाण्यातलीच विकरं (एन्झाइम) त्याच्यावर काम सुरू करतात. चार-आठ दिवसांत पीठ कडू. म्हणजे थोडंथोडं दळून आणायचं, रोज थापायचं आणि गरम असताना खायचं. गार झाल्यावर शिजलेल्या स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांना चिकटून बसतात आणि भाकरी कडक होते. (त्यातला काही भाग लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना मिळतो. शिळी भाकरी आणि दही खाणाऱ्यांनी हे कुठे वाचलेलं नव्हतं.) रोज दोन वेळा चुलीपुढे बसायला घरात कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी कोण असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. भाकरीकडून चपातीकडे गेलेल्या बायकांना ‘परंपरा विसरल्या’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी हात भाजून घेतलेत, हे एकदा मोजायला हवं.

भाकरीच्या राज्यातही पायऱ्या होत्याच. वर शाळू, मालदांडीची टपोरी, मोत्यासारखी रब्बी ज्वारी. खाली खरिपातली, ऐन काढणीला पाऊस लागून बुरशीने काळी पडणारी. १९६४ साली सीएसएच-१ हे पहिलं संकरित वाण आलं. उतारा भरघोस, पण भाकरीला चव नाही म्हणून लोकांनी नाकं मुरडली. ‘हायब्रीड’ हा शब्द मराठीत शिवीसारखा रुळला तो तेव्हापासून: दिसायला मोठं, आत काही नाही. मग ७२ चा दुष्काळ. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आली. तीही ज्वारीच, पण तिकडे जनावरांचं खाद्य. ती खाल्लेली माणसं आजही तोंड वाकडं करूनच तिचं नाव घेतात. लाल रंग सालीतल्या रंगद्रव्यांचा. आज अशाच रंगद्रव्यांचं नाव चकचकीत पुड्यांवर मोठ्या अक्षरांत छापतात.

मानापायी जीव गेल्याचंही उदाहरण आहे. जपानमध्ये पांढराशुभ्र तांदूळ ही श्रीमंतांची चैन. एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, आलेल्या सामुराईंचे पाय लुळे पडायचे आणि गावी परतले की बरे व्हायचे, म्हणून त्या रोगाला ‘एदोचा आजार’ असं नावच पडलं होतं. तो बेरीबेरी. तांदूळ कांडून पांढरा करताना कोंड्याबरोबर थायामिन हे जीवनसत्त्व निघून जायचं. १८८० च्या दशकात ताकाकी कानेहिरो या नौदलाच्या डॉक्टरने खलाशांचा आहार बदलला, पुढे भातात बार्ली मिसळली, आणि नौदलातला बेरीबेरी जवळजवळ संपला. भूदलाचे डॉक्टर मात्र हा जंतूंचाच रोग म्हणून अडून बसले. शिपायाला पांढरा भात हे तर सैन्याचं आमिषच होतं. १९०४-०५ च्या रशियाविरुद्धच्या युद्धात जपानचे सुमारे २७,००० सैनिक बेरीबेरीने मेले.

पण माझ्या डोक्यातून जात नाही ती गोष्ट वेगळी आहे, आणि ती अमेरिकेच्या दक्षिणेत घडली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे पेलाग्राची साथ पसरली. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर चट्टे, गळ्याभोवती तर हार घातल्यासारखे. मग जुलाब, मग भ्रम, मग मरण. रोगी जवळजवळ सगळे गरीब: वाट्याने कापूस पिकवणारे, सूतगिरण्यांतले मजूर, अनाथाश्रमातली मुलं, वेड्यांच्या इस्पितळातले रुग्ण. काही तज्ज्ञ म्हणाले, हा जंतूंचा रोग, घाणीतून पसरतो. काही म्हणाले, या लोकांचं रक्तच हलकं. दोन्ही उत्तरं सोयीची होती. दोन्हींत मजुरीचा विषय निघत नव्हता.

१९१४ साली सरकारने जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरला तपासाला पाठवलं. तेव्हाच्या हंगेरीत जन्मलेला, न्यूयॉर्कमध्ये वाढलेला ज्यू. त्याने पहिल्यांदा पाहिलं ते असं, की इस्पितळात रुग्णांना पेलाग्रा होतो, त्यांच्यात दिवसभर वावरणाऱ्या नर्सना होत नाही. जंतू असे माणूस बघून चावत नाहीत. फरक होता ताटात. गरिबांचं जेवण म्हणजे मक्याचं पीठ, काकवी आणि डुकराची चरबी. त्याने मिसिसिपीतल्या अनाथाश्रमांत दूध, अंडी, मांस आणि कडधान्यं सुरू केली. पेलाग्रा गेला. मग १९१५ मध्ये उलटा प्रयोग: तुरुंगाच्या शेतावरच्या निरोगी कैद्यांनी माफीच्या बोलीवर तो गरिबांचा आहार काही महिने खाल्ला. ११ पैकी ६ जणांना पेलाग्रा झाला. (असा प्रयोग आज कुणी करू देणार नाही, आणि ते बरंच आहे.)

तरी विरोधक ऐकेनात. तेव्हा गोल्डबर्गर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रोग्यांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं, त्यांच्या चट्ट्यांच्या खपल्या आणि विष्ठा पिठाच्या गोळ्यांत घालून गिळली. बायको मेरीनेही रक्त टोचून घेतलं. कुणालाही पेलाग्रा झाला नाही.

यापुढचा भाग पाठ्यपुस्तकांत सहसा नसतो. १९१६ पासून गोल्डबर्गरने एडगर सायडनस्ट्रिकर या अर्थतज्ज्ञाला बरोबर घेतलं आणि दक्षिण कॅरोलिनातल्या सात गिरणी-वस्त्यांत घरोघरचं उत्पन्न आणि किराणा नोंदवला. जसं उत्पन्न कमी तसा पेलाग्रा जास्त, असं साधं उत्तर निघालं. मजुरांना काय खावं हे कळत नव्हतं असं नाही, परवडत नव्हतं. वाट्याने शेती करणाऱ्यांना तर कापूस दारापर्यंत लावायचा मालकाचा हुकूम, त्यामुळे परसात भाजी नाही की गाय नाही. १९२१ मध्ये कापसाचे भाव कोसळले आणि गोल्डबर्गरने पेलाग्रा वाढणार असा इशारा दिला. राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी मदतीची तयारी दाखवली. दक्षिणेतले पुढारी मात्र खवळले. आमच्याकडे दुष्काळ आहे म्हणता? आमची बदनामी करता? मदत नको, पण नाव घेऊ नका. गोल्डबर्गर १९२९ मध्ये वारला. पेलाग्रा बरा करणारं जीवनसत्त्व नायसिन आहे, हे १९३७ साली स्पष्ट झालं.

मक्यात नायसिन असतं, पण असं बांधलेलं की शरीराला सुटत नाही. मेक्सिकोतले लोक हजारो वर्षं मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटत आले. त्याने ते सुटतं. मका जगभर गेला, चुना मागेच राहिला.

आता हे सगळं ज्वारीच्या लेखात कशाला? कारण पेलाग्रा आपल्या शेजारीही होता आणि तो ज्वारी खाणाऱ्यांत होता. १९६० साली हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतले सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी तेलंगणातल्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमधला पेलाग्रा मांडला. ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल फार असतं आणि ते शरीरात नायसिन तयार होण्याच्या आड येतं, असं त्यांचं म्हणणं. या खुलाशावर पुढे वाद झाले, पण रोगी खरे होते. आज ज्या दाण्याला श्री म्हणतात त्यानेच ती माणसं आजारी पडली होती. बरोबर डाळ, दूध, मटण खाणाऱ्यांना तीच ज्वारी बाधत नव्हती.

सोलापुरात ज्वारीच्या भाकरीबरोबर शेंगाची चटणी लागतेच. शेंगदाण्यात नायसिन भरपूर असतं. भाकरी, चटणी, अंबाडीची भाजी, पिठलं, ताक एवढं ताटात असेल तर ज्वारीच्या उणिवा झाकल्या जातात. नुसती भाकरी, मीठ आणि मिरची असेल तर उघड्या पडतात. पोषणाचे तक्ते मात्र दर १०० ग्रॅम दाण्याचे असतात, ताटाचे नसतात. जाहिरातीला तक्ता सोपा पडतो.

आणि तक्ता तरी नीट वाचावा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत १०० ग्रॅम नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, पॉलिशच्या तांदळात ८ मिलिग्रॅमही नाही. इथे नाचणीची फुशारकी खरी. पण तंतुमय भाग ज्वारीत सुमारे १० ग्रॅम आणि आपल्या साध्या कणकेत ११. म्हणजे चाळून कोंडा न फेकलेली चपाती ज्वारीपेक्षा कमी नाही. ग्लूटेनचा बागुलबुवाही असाच. सिलिॲक आजार असणाऱ्यांना ते खरंच विष, बाकी बहुतेकांना गव्हाच्या चपातीने काही होत नाही. बाजरीत लोह भरपूर, पण धान्यातल्या फायटेट या लोह बांधून ठेवणाऱ्या द्रव्यामुळे त्यातलं थोडंच अंगी लागतं. लिंबू पिळलं, आवळा खाल्ला की शोषण वाढतं. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून सत्त्व करायची जुनी रीत फायटेट कमी करते, आणि ते सत्त्व पहिल्यांदा बाळाला मिळतं. ही रीत मला पुड्यातल्या नाचणीच्या बिस्किटांपेक्षा हुशार वाटते. बिस्किटांत मैदा आणि साखर किती, ते मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतं.

महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं. त्यात बाजरीच्या भाकरीवर वाढलेल्या बायकाही असणारच. ऊसतोडीला गेलेली बाई पहाटे अंधारात कोपीपुढे भाकरी थापते, फडात जाते, मोळ्या उचलते. तिला दवाखान्यात सांगितलं जातं, ‘पालेभाज्या खा, फळं खा, वेळेवर जेवा.’ सल्ला बरोबर आहे. गोल्डबर्गरनेही हाच दिला होता. मग त्याने गिरणी-वस्तीतल्या किराण्याचा हिशेब काढला.

त्या अनाथाश्रमांत पेलाग्रा घालवणाऱ्या पदार्थांत अंडी होती. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये, म्हणजे भरडधान्याच्या त्याच आंतरराष्ट्रीय वर्षात, शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं, न खाणाऱ्यांना केळं. लगेच वाद सुरू झाले: शाळेत अंडं कशाला, कुणाच्या भावना दुखावतात, वगैरे. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्यांसाठी पैसे देणं थांबवलं. नव्या पाककृतींत नाचणीचं सत्त्व आहे. त्यात घालायच्या साखरेलाही वेगळे पैसे नाहीत. अंडी आणि साखर हवी असेल तर शाळेने लोकवर्गणी काढावी, असं ठरलं.