आईचा लांडगा, बापाचा दगड

इंग्लंडमधल्या वुस्टरला १०६२ मध्ये वुल्फस्टन नावाचा बिशप झाला. त्याच्या नावाचा शब्दशः अर्थ ‘लांडगा-दगड’. पोटच्या पोराला असलं नाव कोण ठेवतं? पण आईचं नाव होतं वुल्फगिफू आणि बापाचं अ‍ॅथेलस्टन. तिचा ‘वुल्फ’ घेतला, त्याचा ‘स्टन’ जोडला, झालं बारसं!

जुन्या इंग्लंडमधल्या, जुनी इंग्रजी बोलणाऱ्या अँग्लो-सॅक्सन लोकांची, विशेषतः वरच्या घराण्यांतली, पुष्कळ नावं अशीच दोन तुकड्यांची असत. ‘अ‍ॅथेल’ म्हणजे कुलीन, ‘एड’ म्हणजे संपत्ती, ‘गार’ म्हणजे भाला, ‘रेड’ म्हणजे सल्ला. जोडून अर्थ लागलाच पाहिजे असं बंधन नव्हतं. आठव्या शतकात दक्षिण इंग्लंडमधल्या वेसेक्स राज्याची एक राणी होती फ्रिथुगिथ, म्हणजे ‘शांतता-युद्ध’! नात्याची खूण पटली की काम झालं. राजा अ‍ॅथेलवुल्फच्या मुलांची नावंच बघा: अ‍ॅथेलबाल्ड, अ‍ॅथेलबर्ट, अ‍ॅथेलरेड. धाकटा तेवढा अल्फ्रेड, पण त्यातही ‘रेड’ आहेच.

म्हणून अर्थ कुणाच्या कानावर पडतच नव्हता असं नाही. पुढे इंग्लंडचा राजा दुसरा अ‍ॅथेलरेड डेन्मार्ककडून चालून आलेल्या डेन लोकांपुढे हतबल झाला, तेव्हा ‘कुलीन सल्ला’ नावाच्या या राजाला मागाहून ‘अनरेड’ हे शेपूट चिकटलं. अनरेड म्हणजे सल्ल्याचा दुष्काळ.

ही दोन तुकड्यांची रीत आपल्यालाही परकी नाही. संस्कृत आणि जुनी इंग्रजी एकाच भाषाकुळातल्या. ‘एडविन’ म्हणजे संपत्ती आणि मित्र, जवळपास आपला वसुमित्रच. आणि ‘वुल्फ’ हा तर भीमाच्या ‘वृकोदर’मधल्या ‘वृका’चा सख्खा नातलग.

याच अनरेडने १००२ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या एमाशी लग्न केलं. सासरी तिचं नाव बदलून अ‍ॅल्फगिफू ठेवलं. हेही आपल्याकडे नवं नाही म्हणा. पण राजाच्या पहिल्या बायकोचं नावही अ‍ॅल्फगिफूच होतं. एमाचा मुलगा एडवर्ड, ‘संपत्तीचा राखणदार’, पुढे राजा झाला.

१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, आणि हळूहळू घरोघरी विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड दिसू लागले. जुनी नावं मागे पडली. एडवर्ड मात्र ११६१ मध्ये संत ठरला होता. त्याचा भक्त असलेल्या तिसऱ्या हेन्रीने १२३९ मध्ये आपल्या मुलाला तेच नाव दिलं, आणि फ्रेंच बोलणाऱ्या दरबारात एक सॅक्सन नाव पुन्हा गादीवर बसलं.