पलीकडच्याला काय ऐकू येतं?

गाडीतल्या स्टिरिओवरून फोनवर बोलताना काही बिघडलं, तर ते आधी कळतं पलीकडच्याला. आपल्याला चारही स्पीकरमधून खणखणीत ऐकू येत असतं आणि पलीकडून आई वैतागून म्हणते, "अरे, माझंच बोलणं मला परत ऐकू येतंय. घरी पोचलास की बोलू." आपण रेंजला दोष देऊन मोकळे होतो. खरं कारण पुष्कळदा रेंज नसतंच. स्टिरिओच्या मेनूत खोल कुठेतरी दोन-तीन सेटिंग्ज असतात, गाडी घेतल्यापासून कोणी ती उघडलेली नसतात, आणि त्यांचा आपल्या कानाशी काही संबंधही नसतो. ती असतात पलीकडच्याच्या कानासाठी.

ती समजून घ्यायची तर कॉल आल्यावर नेमकं काय घडतं ते पाहायला हवं. फोन आणि स्टिरिओ ब्लूटूथने जोडलेले असतात हे आपल्याला माहीत असतं, पण त्या एका जोडणीतून वेगवेगळी कामं चालतात आणि प्रत्येक कामाची नियमावली वेगळी असते. तिला प्रोफाइल म्हणतात. गाण्यांचं प्रोफाइल वेगळं, फोनबुकचं वेगळं, मेसेजचं वेगळं आणि बोलण्याचं, म्हणजे हँड्सफ्रीचं, वेगळं. फोनच्या ब्लूटूथ यादीत गाडीच्या नावापुढे 'कॉल' आणि 'मीडिया' असे दोन स्वतंत्र पर्याय दिसतात ते याचमुळे. गाणी वाजतात पण कॉल स्टिरिओवर येत नाही, अशी तक्रार असेल तर आधी तिथे 'कॉल' चालू आहे का बघावं.

कॉल आला की फोन स्टिरिओला चक्क लेखी निरोप पाठवतो: 'रिंग', आणि त्यामागोमाग नंबर. आपण स्टिअरिंगवरचं हिरवं बटण दाबलं की स्टिरिओ तीन अक्षरांची आज्ञा परत पाठवतो, 'एटीए', म्हणजे 'उचल'. ही भाषा ब्लूटूथपेक्षा जुनी आहे. १९८१ साली अमेरिकेतल्या हेज कंपनीच्या मॉडेमबरोबर ती आली, टेलिफोनच्या तारेवरून कॉम्प्युटर जोडण्यासाठी. शेवटचा नंबर पुन्हा लाव, आवाज वाढव, बॅटरी किती उरली सांग, हे सगळं स्टिरिओ आणि फोन आजही तिच्यातच बोलतात. या बोलण्यात आवाजाला ० ते १५ एवढेच टप्पे आहेत आणि बॅटरीला ० ते ५. म्हणून साध्या स्टिरिओच्या पडद्यावर बॅटरी टक्क्यांत दिसत नाही, पट्ट्यांत दिसते.

नंबर कळला तरी नाव लगेच कळत नाही. नाव दाखवण्यासाठी स्टिरिओला आपल्या फोनबुकची प्रत स्वतःकडे उतरवून घ्यावी लागते, आणि पेअरिंगच्या वेळी फोन त्याचीच परवानगी मागतो. घाईत 'नको' म्हटलं गेलं असेल तर पुढे कायम नुसते नंबर दिसत राहतात. आपल्याकडे आणखी एक अडचण येते. नावं देवनागरीत साठवलेली असतील तर फोनकडून ती नीट जातात, पण स्टिरिओत देवनागरी फॉन्टच नसेल तर पडद्यावर नावाच्या जागी चौकोन उमटतात. मराठी वापरणारे ग्राहक इतके असताना विकल्या जाणाऱ्या स्टिरिओत हा फॉन्ट नसावा, हे मला पटत नाही. तोवर उपाय एकच: गाडीत ज्यांचे फोन हमखास येतात तेवढी चार-पाच नावं रोमन लिपीत साठवायची.

याच प्रतीची दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. फोनबुक स्टिरिओच्या मेमरीत उतरलेलं असतं. गाडी विकताना किंवा भाड्याची गाडी परत करताना स्टिरिओच्या यादीतून आपला फोन काढून टाकावा, आणि सोय असेल तर स्टिरिओ फॅक्टरी रीसेट करावा. आपल्या नातेवाइकांचे नंबर अनोळखी माणसाच्या हाती आपणच का द्यायचे?

आता आवाज. गाणं ऐकताना साध्या ब्लूटूथवरही सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिट माहिती येऊ शकते आणि ती एकाच दिशेने येत असते. तिला थोडा उशीर झाला तरी चालतं, म्हणून स्टिरिओ काही क्षणांचा साठा करून मगच वाजवतो. बोलण्यात असा साठा करून चालत नाही. तिथे दोन्ही दिशांना मिळून चालणारी वेगळी वाट उघडते आणि प्रत्येक दिशेला फक्त ६४ किलोबिट मिळतात. जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जात, म्हणजे तो तितक्या वेळा मोजला जाई. त्यात ४,००० हर्ट्झच्या वरचं काहीच मावत नाही, आणि 'स'चा सुस्कारा बराचसा त्याच्या वरच असतो. त्यामुळे 'सोडलं' म्हणालात की 'फोडलं', हे पलीकडच्याला संदर्भावरून ताडावं लागतं. २०११ मध्ये आलेल्या हँड्सफ्री १.६ या आवृत्तीने नमुने दुप्पट केले, १६,०००. स्टिरिओवर किंवा फोनमध्ये 'एचडी व्हॉइस' किंवा 'वाइडबँड' असा पर्याय असेल तर तो चालू ठेवावा. फरक पहिल्याच वाक्यात कळतो, मात्र फोन, स्टिरिओ आणि मोबाइल नेटवर्क तिन्हींना तो जमायला हवा.

सगळ्यात अवघड मामला प्रतिध्वनीचा.

आईचा आवाज नेटवर्कमधून आपल्या फोनवर, तिथून स्टिरिओवर आणि मग दरवाजातल्या स्पीकरमधून गाडीत येतो. काचांवर, छतावर, सीटवर आपटत तो माइकपर्यंत पोचतो आणि माइक इमानदारीने तो परत पाठवतो. गाडीतल्या गाडीत हा प्रवास फार थोड्या वेळाचा असतो, कारण एक मीटर जायला आवाजाला जेमतेम ३ मिलिसेकंद लागतात. पण नेटवर्कमधून जाऊन परत येण्यात त्यात बरीच भर पडते. काही मिलिसेकंदांनी परत आलेला स्वतःचा आवाज माणसाला जाणवतही नाही. तोच पाव-अर्ध्या सेकंदाने परत आला की जीभ अडखळते.

हा प्रश्न गाड्यांच्याही आधी उपग्रहांनी उभा केला. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंच असतो. त्याच्यामार्फत बोललेलं वाक्य पलीकडे जाऊन त्याचा प्रतिध्वनी परत यायला साधारण अर्धा सेकंद लागतो. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये यावर काम झालं, आणि १९६७ साली तिथल्याच मन मोहन सोंधी या मूळच्या भारतीय शास्त्रज्ञाने स्वतःला जुळवून घेणाऱ्या प्रतिध्वनीरोधकावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. स्वतःला जुळवून घेणारं गणित त्याआधी, १९६० मध्ये, स्टॅनफर्डचे बर्नार्ड विड्रो आणि त्यांचा विद्यार्थी टेड हॉफ यांनी मांडलं होतं. हा हॉफ पुढे इंटेलमध्ये गेला आणि पहिल्या मायक्रोप्रोसेसरच्या आराखड्यात त्याचा मोठा वाटा होता.

हे गणित गाडीत असं चालतं. स्पीकरकडे कोणता आवाज चालला आहे हे स्टिरिओला आधीच ठाऊक असतं. गाडीत फिरून माइकपर्यंत येताना त्या आवाजाचं काय होतं, याचा तो अंदाज बांधतो. या अंदाजात शेकडो आकडे असतात. १६,००० नमुन्यांच्या हिशेबाने ६४ मिलिसेकंदांचा प्रतिध्वनी टिपायचा तर १,०२४. त्यावरून माइकमध्ये येणाऱ्या प्रतिध्वनीची एक नक्कल तयार होते आणि ती माइकच्या आवाजातून वजा केली जाते. जे उरतं ते आपलं बोलणं. वजाबाकी पुरती जमली नाही तर तेवढे आकडे सुधारले जातात, आणि हे सेकंदात हजारो वेळा चालतं. काच खाली केली, मागचा माणूस पुढे वाकला, आवाज वाढवला, की गाडीतला मार्ग बदलतो आणि अंदाज नव्याने जुळवावा लागतो. तेवढ्या वेळात पलीकडे प्रतिध्वनी डोकावतो.

यातलं एक गृहीतक महत्त्वाचं आहे: आवाज दुप्पट केला तर प्रतिध्वनीही नेमका दुप्पट होईल. आवाज फार चढवला की स्पीकर चिरकतो, दरवाजाचं पॅनेल थरथरतं, आणि हे गृहीतक कोसळतं. चिरकलेला भाग वजाबाकीत सापडतच नाही, तो जसाच्या तसा आईच्या कानात जातो. म्हणून घुमण्याची तक्रार आली की पहिला उपाय मेनूत शोधायचा नाही, कॉल चालू असताना आवाज दोन-तीन टप्पे खाली आणायचा. कॉलचा आणि गाण्याचा आवाज स्टिरिओ सहसा वेगवेगळा लक्षात ठेवतो, तेव्हा ही दुरुस्ती कॉल चालू असतानाच करावी लागते. बेस बूस्ट लावलेला असेल तर तोही कमी करून पाहावा.

मग येतात मेनूतली तीन सेटिंग्ज: माइक गेन, नॉइज रिडक्शन आणि एको कॅन्सल. तिन्हींत जास्त म्हणजे चांगलं असं नाही. एको कॅन्सल वाढवलं की वजाबाकीनंतर उरलेला प्रतिध्वनी दाबण्यासाठी स्टिरिओ पलीकडचा माणूस बोलत असताना आपला माइकच जवळजवळ बंद करतो. घुमणं थांबतं, पण दोघं एकदम बोलले की आपले शब्द तुटतात. नॉइज रिडक्शन टायरची घरघर, एसीचा झोत असे एकसुरी आवाज ओळखून कमी करतं. ते अति केलं तर आपल्या आवाजातलाही भाग कापला जातो आणि तो धातूसारखा, पाण्याखालून आल्यासारखा ऐकू जातो. माइक गेन वाढवलं की आपला आवाज वाढतो तसा एसीचाही वाढतो.

त्यापेक्षा माइक तोंडाच्या जवळ आणावा. अंतर निम्मं केलं की आपला आवाज माइकमध्ये सुमारे ६ डेसिबलने वाढतो आणि गाडीभर पसरलेला गोंगाट होता तेवढाच राहतो. कोणत्याही सेटिंगने हे साधत नाही. नंतर बसवलेल्या स्टिरिओचा माइक पुष्कळदा दर्शनी पट्टीतच असतो, आपल्यापासून हातभर दूर आणि एसीच्या जाळीच्या शेजारी. पेटीत वायरचा वेगळा माइक दिलेला असतो, तो बसवणारा कंटाळा करून तिथेच ठेवतो. तो मागून घ्यावा आणि स्टिअरिंगच्या खांबावर किंवा ड्रायव्हरच्या सन व्हायझरजवळ, तोंडाकडे वळवून, एसीच्या झोताबाहेर लावावा. पुढच्या काचेशेजारच्या खांबात पडदा एअरबॅग असेल तर वायर त्याच्यावरून नेऊ देऊ नये.

सेटिंग्ज लावायची ती गाडी उभी करून: इंजिन चालू, काचा वर, एसी नेहमीच्या वेगावर. पलीकडचा माणूस दूर, शांत खोलीत असावा, शेजारच्या सीटवर नव्हे. एका वेळी एकच सेटिंग एक-दोन टप्पे हलवायचं आणि विचारायचं, "तुझा आवाज तुला परत येतो का? दोघं एकदम बोललो तर माझे शब्द तुटतात का?" नुसतं "येतंय का ऐकू?" विचारलं तर उत्तर "हो, येतंय" असंच मिळतं, आणि त्याचा उपयोग नसतो.

आवाज इतका स्वच्छ झाला की बोलावंसं वाटतं, आणि इथे मला काळजी वाटते. पलीकडच्याला काय ऐकू येतं हे आपल्याला कळत नाही, तसं आपल्याला काय दिसतंय हे त्याला कळत नाही. युटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेयर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना सिम्युलेटरवर गाडी चालवत ठरावीक ठिकाणी महामार्गावरून बाहेर पडायला सांगितलं होतं. हँड्सफ्रीवर मित्राशी बोलणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे ते वळण चुकले. शेजारी बसलेल्या मित्राशी बोलणारे बहुतेक जण बरोबर वळले. शेजारच्याला रस्ता दिसतो, ट्रक आडवा आला की तो आपोआप गप्प होतो आणि वळण आलं की आठवण करतो. फोनवरचा माणूस बोलतच राहतो.

याच गटाच्या २००३च्या प्रयोगात आणखी अस्वस्थ करणारी गोष्ट दिसली. हँड्सफ्रीवर बोलणाऱ्यांनी ज्या फलकांकडे थेट पाहिलं होतं, तेही त्यांना नंतर कमी ओळखता आले. डोळे रस्त्यावर होते, लक्ष नव्हतं. टोरांटोत ६९९ ड्रायव्हरांच्या फोनच्या नोंदी तपासून १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॉलच्या वेळी टक्कर होण्याचा धोका सुमारे चौपट आढळला, आणि हँड्सफ्री वापरणाऱ्यांना त्यातून सूट मिळाल्याचं दिसलं नाही. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने हातात धरायचा फोन वापरणं धोकादायक वाहनचालनात घातलं. कायदा हातापुरता बोलतो, आणि हात मोकळा म्हणजे धोका संपला असं आपण समजून बसतो. बोलून आज्ञा देण्याचंही तसंच आहे. २०१५ मध्ये स्ट्रेयर यांच्याच गटाने तपासलेल्या सगळ्यात किचकट यंत्रणेत आज्ञा देऊन झाल्यावरही लक्ष पूर्ववत व्हायला २७ सेकंदांपर्यंत लागत होते. ताशी ४० किलोमीटरने तेवढ्यात गाडी ३०० मीटर जाते.

म्हणून माझ्या मते 'ऑटो आन्सर' हे सेटिंग बंदच असावं. ते चालू असलं तर घाटातल्या वळणावर कॉल उचलायचा की नाही हे स्टिरिओ ठरवतो. फोनमधला ड्रायव्हिंग मोड मात्र जरूर चालू करावा. आयफोनमध्ये तो २०१७ पासून आहे, अनेक अँड्रॉइड फोनमध्येही आहे, आणि गाडीचं ब्लूटूथ जोडलं गेलं की तो आपोआप सुरू होईल असं ठरवता येतं. आयफोनमध्ये तो आलेल्या मेसेजला स्वतःच उत्तर पाठवू शकतो आणि त्या उत्तराचा मजकूर बदलता येतो. तो मराठीत लिहून ठेवावा: "गाडी चालवतोय, पोचलो की फोन करतो." आणि कॉल घेतलाच तर पहिल्याच वाक्यात सांगावं की मी गाडीत आहे, मध्येच गप्प झालो तर समजून घे.