पाटे की शॉकअप? पिकअपचा दणका वेगळा, डोलणं वेगळं

लासलगावला कांदा उतरवून रिकामी परतणारी पिकअप खड्ड्यात गेली की मागचा हौदा आपटतो, चालकाच्या कंबरेत कळ जाते आणि सगळ्यांच्या तोंडी एकच येतं: शॉकअप गेले. नवी जोडी बसते, पैसे जातात, दणका तसाच राहतो. याच्या उलटही घडतं. गाडी रस्त्यावर होडीसारखी डोलते म्हणून पाट्यांत, म्हणजे चाकांवरच्या वाकड्या पोलादी पट्ट्यांच्या थरांत, एक जादा पाटा टाकला जातो. डोलणं थोडं बदलतं, जात नाही, आणि रिकामी गाडी आणखी कडक होते.

पाटे आणि शॉकअप एकाच ॲक्सलला, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याला, शेजारीशेजारी बसतात, त्यामुळे त्यांचं काम एकच वाटतं. तसं नाही. पाटे वजन पेलतात. मागचे दोन्ही शॉकअप सोडून ठेवले तरी उभी गाडी जवळजवळ तेवढ्याच उंचीवर राहते, कारण वजन त्यांच्यावर नसतंच. पाटा वाकून धक्का पोटात घेतो आणि तीच ताकद परत वर फेकतो. शॉकअपच्या आत पिस्टन तेलातून सरकतो, तेल बारीक झडपांमधून ढकललं जातं आणि पाट्याने परत फेकलेली ताकद उष्णता होऊन जिरते. म्हणजे धक्का किती कडक लागेल हे मुख्यतः पाटा ठरवतो, आणि धक्क्यानंतर गाडी किती वेळ हलत राहील हे शॉकअप.

तपासायला एक गतिरोधक पुरतो. वीसच्या वेगाने रिकामी गाडी त्यावरून न्या. ठण्णकन एकदा आपटून लगेच स्थिर झाली, तर पाटे, बुश (जोडांमधली रबरी नळी) आणि टायरमधली हवा बघा. मागचा भाग दोन-तीन वेळा वरखाली होत राहिला, तर शॉकअप बघा.

आता रिकामी गाडी मुळात कडक का, ते आकड्यांत पाहू. मागच्या ॲक्सलवर १००० किलोची भर पडल्यावर चॅसिस (गाडीचा सांगाडा) ७ सेंटिमीटर खाली येते असं धरा. म्हणजे दोन्ही बाजूंचे पाटे मिळून एक सेंटिमीटर दाबायला सुमारे १४३ किलो लागतात. रिकाम्या गाडीचं मागच्या पाट्यांवर येणारं वजन ४५० किलो धरलं, तर त्याखाली पाटे जेमतेम ३ सेंटिमीटर दबलेले असतात. भरल्यावर १० सेंटिमीटर. या दबण्याचं वर्गमूळ काढून ५ ला त्याने भागलं, की गाडी सेकंदाला किती वेळा झुलेल ते साधारण कळतं. भरलेली गाडी सेकंदाला दीड वेळा, रिकामी जवळपास तीन वेळा. माणसाच्या अंगाला एक ते दीडचा झोका सोसवतो, दोनच्या पुढे आदळआपट वाटते. म्हणून तीच गाडी मालावर पाळण्यासारखी चालते आणि परतीला हाडं मोजते. यात बिघाड काहीच नाही. मालासाठी बनवलेल्या पाट्याचा तो स्वभाव आहे.

खरं नुकसान जादा पाट्याने होतं. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ८ मिलिमीटरचे ७ पाटे असतील आणि त्यांत तेवढ्याच लांबी-रुंदीचा १० मिलिमीटरचा एक घातला, तर तो एकटाच जवळजवळ दोन पाट्यांचं काम करतो आणि संच सव्वापटीहून कडक होतो. परत फेकण्याची ताकद वाढली, ती जिरवणारा शॉकअप मात्र जुनाच. त्यामुळे भरलेली गाडी जास्त उसळते आणि रिकामी जास्त आपटते. नोंदणीपुस्तकातलं एकूण वजन त्याने एक किलोनेही वाढत नाही. ब्रेक, ॲक्सल आणि टायर तेच राहतात. कुणी असा पाटा टाकलेला असेल तर आरामाचं पहिलं काम तो काढण्याचं. पण कंपनीच्या मूळ संचातला पाटा मऊपणासाठी काढू नका. मग भार मुख्य पाट्यावर येतो आणि तो सेंटर बोल्टच्या, म्हणजे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या, भोकाजवळ तुटतो. भर रस्त्यात मुख्य पाटा तुटला की ॲक्सल तिरका होतो आणि गाडी हातात राहत नाही.

पाटे मूळचेच असून दणका वाढला असेल तर गंज पाहा. वाकताना पाटे एकमेकांवर घासून सरकले पाहिजेत. मधे गंज धरला की सात पाटे एका जाड पट्टीसारखे वागतात आणि बारीक खड्डे थेट चॅसिसला जातात. जळकं ऑइल ओतण्याची सवय चांगली नाही: त्यावर धूळ बसते आणि ते रबरी बुशवर उतरलं की रबर फुगून सैल होतं. संच उतरवून, तारेच्या ब्रशने घासून, पाट्यांमध्ये ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात द्यावा. टोकांना प्लॅस्टिकच्या किंवा रबराच्या चकत्या असतील तर तिथे ग्रीस नको, चकत्या बदला. शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चॅसिसला जोडणारा झुलता दुवा, हाताने हलतो का ते त्याच वेळी बघा. शॅकल पिनला ग्रीस निपल असेल तर चॅसिस जॅकवर उचलून, पिनवरचा भार काढून मगच ग्रीस भरा, नाहीतर ग्रीस भाराच्या बाजूला पोचत नाही.

आणि इथे एक गफलत हमखास होते. पाटे साफ केल्यावर गाडी अचानक डोलायला लागते आणि दोष कारागिराला जातो. वास्तविक शॉकअप आधीच मेलेले असतात. पाट्यांमधलं घर्षणच इतके दिवस डोलणं अडवत होतं.

भरल्यावरच दणका बसत असेल तर ॲक्सल आणि चॅसिसमधलं बंप रबर बघा. त्यावर ताजा घासल्याचा डाग असेल तर पाटे बसलेत, म्हणजे त्यांची कमान गेली आहे. सपाट जागेवर, गाडी रिकामी ठेवून दोन्ही बाजूंना ॲक्सल ते चॅसिस अंतर टेपने मोजा. दीड सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर एक बाजू खचली आहे. थंड पाटा घणाने ठोकून कमान दिली तर ती थोड्याच दिवसांत पुन्हा बसते. भट्टीत तापवून कमान दिली आणि पुढे नीट पाणी दिलं नाही, तर पाटा मऊ पडतो किंवा ठिसूळ होतो. नवा संच महाग वाटला तरी तोच घ्यावा.

शॉकअप तपासायला खराब रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर चालवून लगेच दोघांना जपून हात लावा. काम करणारा गरम असतो. एक गरम आणि एक गार असेल तर गार तो मेलेला. अंगावर तेलाचा पुसट थर चालतो, ओघळ नको. टायरच्या कडेला ठरावीक अंतराने खोलगट झीज दिसली तर तीही बहुधा शॉकअपकडेच बोट दाखवते. उतरवलेला शॉकअप हाताने दाबताना आणि ओढतानाही सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग अडला पाहिजे. मधेच मोकळा गेला तर टाकून द्या.

दणक्यावर उपाय म्हणून जास्त ताकदीचे शॉकअप घेऊ नका. रिकाम्या कडक गाडीत ते चाकाला आणखी जखडतात आणि धक्का वाढतो.

सगळ्यात स्वस्त उपाय टायरमध्ये आहे. पूर्ण भाराची हवा मागे भरून रिकामी गाडी पळवली तर टायर दगड होतो. दारावरच्या पट्टीवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे दिलेले असतील तर परतीला रिकाम्याचा आकडा ठेवा, त्याहून खाली जाऊ नका, आणि माल चढवण्याआधी पुन्हा भरा. टायरच्या अंगावरचा आकडा कमाल मर्यादेचा असतो, रोजच्या हवेचा नव्हे.

बसवताना शॉकअपची जोडीच बदला. नवा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण ओढा-दाबा, म्हणजे आतली हवा निघते. रबरी बुशचे बोल्ट आधी हलके लावा आणि गाडी चाकांवर उतरल्यावरच कसा. चाक लोंबकळत असताना कसले तर बुश कायम पिळलेला राहून फाटतो. पाटे ॲक्सलला बांधणारे यू बोल्ट जुने वापरू नका. चारही टोकं कर्णाकर्णी, थोडी थोडी कसा, आणि ५०० किलोमीटरनंतर मालासकट पुन्हा कसा. सैल यू बोल्टखाली सेंटर बोल्ट कापला जातो.