लॅपटॉप वाटले की मुलं शिकतात?

‘मुलाच्या हाती लॅपटॉप द्या, बाकीचं ते आपलं आपण शिकेल.’ अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे निकोलस निग्रोपॉन्टी यांनी २००५ साली गरीब देशांतल्या शाळकरी मुलांसाठी १०० डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली, तेव्हापासून हा समज फिरतोय. (१०० चे पुढे १८८ डॉलर झाले, ते असो.)

या लॅपटॉपची सर्वात मोठी खरेदी दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने केली, ८ लाखांहून जास्त. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांची तपासणी झाली. कुठल्या शाळांना लॅपटॉप मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं, त्यामुळे तुलना चोख. सुमारे १५ महिन्यांनी पाहिलं, तर गणित आणि भाषेत काडीचा फरक नाही. हजेरीतही नाही. प्रत्येक लॅपटॉपमध्ये २०० पुस्तकं भरलेली होती, तरी वाचनाची सवय होती तिथेच राहिली. इंटरनेट बहुतेक शाळांत नव्हतंच. आकृत्यांची कोडी सोडवण्यात मात्र मुलं थोडी पुढे गेली, हेही सांगायला हवं.

म्हणजे संगणक कुचकामी? तसंही नाही. आपल्या वडोदऱ्यात ‘प्रथम’ संस्थेने चौथीच्या मुलांना आठवड्याला फक्त दोन तास गणिताचे खेळ दिले. एका संगणकावर दोघं, आणि खेळ मुलाला जेवढं येतं तिथून सुरू होणारे. गणिताचे गुण चांगलेच वाढले. फरक यंत्रात नव्हता, त्यावर काय चालतं यात होता. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातली बरीचशी वाढ ओसरली.