एकाच संगणकावर दोन जँगो: व्हीएनव्ही कुठवर पुरते, डॉकर कुठून लागतो

जँगो ही पायथन भाषेत वेबसाइट बनवण्याची तयार चौकट आणि पिप हे पायथनच्या लायब्रऱ्या बसवणारे साधन. पण उबुंटू २४.०४ या लिनक्सवर जुन्या सवयीने 'पिप इन्स्टॉल जँगो' म्हटले की जँगो येत नाही. 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' अशी तक्रार येते. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.) हे कुलूप मुद्दाम लावलेले आहे. उबुंटूची स्वतःची बरीच कामे पायथनवर चालतात आणि त्या पायथनच्या लायब्रऱ्यांचा हिशेब एपीटी ही उबुंटूची पॅकेज बसवणारी व्यवस्था ठेवते. पिपने त्याच लायब्रऱ्यांत परस्पर फेरफार केला, तर उद्या उबुंटूचेच एखादे साधन सुरू व्हायचे नाही. म्हणून पायथनच्या पीईपी ६६८ या प्रस्तावाने ही आडकाठी आणली. डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून, म्हणजे २०२३ पासून, ती लागू आहे. तक्रारीच्या खालीच 'ब्रेक सिस्टीम पॅकेजेस' हा पळवाटेचा पर्यायही लिहिलेला असतो. नाव इतके स्पष्ट असूनही लोक तो वापरतात.

दुसरी अडचण याहून जुनी आहे. पायथन आपल्या लायब्रऱ्या 'साइट-पॅकेजेस' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि तिथे एका लायब्ररीची एकच आवृत्ती राहू शकते. जँगो ५.२ बसवली की आधीची ३.२ काढली जाते. एक नवा प्रकल्प ५.२ वर आणि सांभाळायला आलेला जुना प्रकल्प ३.२ वर असेल, तर एका फोल्डरात दोघांचा संसार होणे शक्य नाही.

यावरचा पहिला उपाय पायथनमध्येच आहे: व्हीएनव्ही, म्हणजे प्रत्येक प्रकल्पाला लायब्रऱ्यांचा वेगळा फोल्डर. २०१२ साली पायथन ३.३ बरोबर तो आला. उबुंटूने मात्र त्याचा एक भाग वेगळा काढून ठेवला आहे, म्हणून आधी 'सुडो एपीटी इन्स्टॉल पायथन३-व्हीएनव्ही' (सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने). ही पायरी विसरली की 'एन्शुअरपिप उपलब्ध नाही' असा संदेश येतो आणि मागे अर्धवट फोल्डर उरतो. तो पुसून मगच पुन्हा सुरुवात करावी. नंतर प्रकल्पाच्या फोल्डरात 'पायथन३ -एम व्हीएनव्ही .व्हीएनव्ही', मग 'सोर्स .व्हीएनव्ही/बिन/अ‍ॅक्टिव्हेट', आणि शेवटी जँगो. आवृत्ती '~=५.२.०' अशी द्यावी, म्हणजे ५.२ मालिकेतल्या दुरुस्त्या येतील, पण पुढची मालिका येणार नाही. जँगोबरोबर एएसजीआयरेफ आणि एसक्यूएलपार्स या दोन लायब्रऱ्याही येतात. 'पिप फ्रीझ' केल्यावर बसवलेल्या लायब्रऱ्यांच्या यादीत अनोळखी नावे दिसतात, ती यांचीच.

या फोल्डरात जादू फारच थोडी आहे. आत 'बिन' आहे आणि त्यात पायथन, पण ती बहुतेक वेळा मूळ पायथनकडे बोट दाखवणारी दुव्याची फाइल असते. शेजारी जवळजवळ रिकामे, फक्त पिप असलेले साइट-पॅकेजेस असते आणि वर 'पायव्हीएनव्ही.सीएफजी' नावाची चार-पाच ओळींची फाइल. पायथन सुरू होताना आपल्या शेजारी किंवा एक पायरी वर ही फाइल आहे का ते पाहतो. सापडली की लायब्रऱ्या याच फोल्डरातून घेतो. वेगळेपण एवढ्यावरच उभे आहे. 'अ‍ॅक्टिव्हेट' मुख्यतः हे 'बिन' पाथच्या, म्हणजे आज्ञा शोधायच्या फोल्डरांच्या यादीच्या, सुरुवातीला आणून ठेवते. म्हणून ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनसारख्या ठिकाणी अ‍ॅक्टिव्हेटच्या भानगडीत न पडता '.व्हीएनव्ही/बिन/पायथन' असा पूर्ण पत्ता दिला की भागते.

एवढे कळले की नेहमीच्या चुकांची कारणे आपोआप उलगडतात. व्हीएनव्ही चालू असताना 'सुडो पिप' केले, तर सुडो स्वतःचा पाथ वापरतो आणि आज्ञा सरळ उबुंटूच्या पिपकडे जाते. फोल्डर दुसरीकडे हलवला किंवा त्याचे नाव बदलले, तर 'पिप' चालत नाही, कारण त्या फाइलीच्या पहिल्याच ओळीत पायथनचा जुना पूर्ण पत्ता कोरलेला असतो. उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर गेलात की कालपर्यंत चालणारा प्रकल्प 'जँगो नावाचे मॉड्यूल नाही' म्हणतो. जँगो तिथेच असते, पण 'पायथन३.१०' नावाच्या फोल्डरात. दुवा मात्र आता ३.१२ कडे जातो आणि ३.१२ आपल्या नावाचा फोल्डर शोधतो. विंडोजवर 'बिन'ऐवजी 'स्क्रिप्ट्स' असते आणि पॉवरशेल बऱ्याचदा अ‍ॅक्टिव्हेटची फाइल चालवायलाच नकार देते. तिथे चालू वापरकर्त्यापुरते धोरण 'रिमोटसाइन्ड' करावे लागते. बिघडलेली व्हीएनव्ही दुरुस्त करत बसू नये. पुसावी, नव्याने करावी, आणि 'पिप फ्रीझ'ची यादी साठवलेल्या 'रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी'मधून सगळे पुन्हा बसवावे. जपायची ती यादी, फोल्डर नव्हे. कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्येही यादीच जाते.

आता जुना प्रकल्प. व्हीएनव्हीत जँगो ३.२ बसवली तर पिप कुरकुर न करता बसवतो, कारण त्या पॅकेजवर 'पायथन ३.६ किंवा पुढचा' एवढीच अट लिहिलेली आहे. चालवायला गेलो की 'डिस्टयूटिल्स नावाचे मॉड्यूल नाही'. जँगो ३.२ आवृत्त्यांची तुलना करण्यासाठी डिस्टयूटिल्सवर अवलंबून होती आणि पायथन ३.१२ मधून ते काढून टाकले गेले. जँगो ३.२ अधिकृतपणे चालते ती पायथन ३.६ ते ३.१० वर. व्हीएनव्ही लायब्रऱ्या वेगळ्या करते, पायथन स्वतः नाही, संगणकावर ३.१२ असेल तर आतही ३.१२च. हीच मर्यादा सी भाषेतल्या लायब्रऱ्यांनाही लागू आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसशी जोडणारी 'सायकोपीजी२' मूळ रूपात बसवताना 'पीजी_कॉन्फिग सापडत नाही' येते, कारण पोस्टग्रेसच्या फाइली एपीटीनेच आणायच्या असतात.

इथून डॉकरचे काम सुरू होते. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, नेमस्पेस नावाची सोय आहे: प्रोग्रॅमला वेगळी फाइलप्रणाली, वेगळी प्रक्रियांची यादी, वेगळे नेटवर्क दाखवता येते. कोणी किती मेमरी आणि प्रोसेसर वापरायचा याची मर्यादा कर्नलचीच दुसरी सोय, सीग्रुप्स, घालते. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने या दोन्हींना एका सोप्या आज्ञेत बसवले. अशा वेगळ्या केलेल्या जागेला कंटेनर म्हणतात. आभासी यंत्र, म्हणजे संगणकाच्या आत चालवलेला दुसरा पूर्ण संगणक, हा स्वतंत्र बंगला. कंटेनर ही चाळीतली खोली: दार, चूल, भांडी आपापली, पण पाया आणि पाण्याची टाकी सगळ्यांची एकच. तो पाया म्हणजे कर्नल. म्हणून विंडोज आणि मॅकवर डॉकरला आधी एक छोटे लिनक्स यंत्र उभे करावे लागते.

डॉकरफाइल म्हणजे खोली कशी सजवायची त्याची कृती. 'फ्रॉम पायथन:३.१०-स्लिम', 'वर्कडिर /अ‍ॅप', मग फक्त रिक्वायरमेंट्सची फाइल 'कॉपी', मग 'रन पिप इन्स्टॉल', त्यानंतर उरलेला कोड 'कॉपी', शेवटी 'सीएमडी'. यादी आधी आणि कोड नंतर, या क्रमाला कारण आहे. डॉकर प्रत्येक पायरीचा थर साठवतो आणि एक थर बदलला की त्याखालचे सगळे पुन्हा करतो. सगळा कोड आधीच कॉपी केला, तर एक स्वल्पविराम बदलल्यावरही सर्व लायब्रऱ्या पुन्हा उतरतात. '.डॉकरइग्नोअर'मध्ये '.व्हीएनव्ही' आणि '.गिट' टाकावे, बाहेरच्या व्हीएनव्हीतले दुवे आतल्या पायथनला निरुपयोगी असतात. मग 'डॉकर बिल्ड -टी जुनाजँगो .' शेवटचा टिंब आज्ञेचाच भाग आहे, तो विसरला की बिल्ड सुरूच होत नाही.

कंटेनर ज्या साच्यातून उभा राहतो त्याला प्रतिमा म्हणतात. 'फ्रॉम'मधली मूळ प्रतिमा निवडताना 'स्लिम' घ्यावी. पूर्ण प्रतिमा साधारण १ जीबीची असते, स्लिम तिच्यापुढे अगदी आटोपशीर. 'अल्पाइन' त्याहून लहान दिसते, पण तिच्यात नेहमीच्या जीलिबसीऐवजी मस्ल ही सी लायब्ररी आहे. ज्या पॅकेजची मस्लसाठी तयार बांधणी नाही, ते मुळापासून कंपाइल होते आणि वाचवलेले एमबी वेळेच्या रूपात परत जातात. पायथनसाठी अल्पाइनचा मोह आवरलेला बरा.

चालवताना पहिली अडचण ठरलेली असते. बाहेरचे ८००० हे पोर्ट आतल्या ८०००ला जोडायला 'डॉकर रन -पी ८०००:८०००' दिले, आत सर्व्हर चालू आहे असे दिसते, ब्राउझर मात्र कोरा. जँगोचा चाचणीसाठीचा सर्व्हर 'रनसर्व्हर' मुळात १२७.०.०.१ वर ऐकतो आणि कंटेनरच्या आतले १२७.०.०.१ म्हणजे त्याच खोलीची आतली कडी. '०.०.०.०:८०००' असे दिल्यावर बाहेरची हाक पोहोचते. डेटाबेसची गोष्टही तशीच: सेटिंग्जमध्ये 'लोकलहोस्ट' लिहिले तर जँगो पोस्टग्रेस आपल्याच खोलीत शोधते. अनेक कंटेनर एकत्र चालवणारे डॉकरचे कंपोज वापरत असाल, तर तिथे पोस्टग्रेसच्या सेवेचे नाव लिहायचे.

एसक्यूलाइट या एका फाइलीतल्या डेटाबेसची फाइल कंटेनरमध्येच राहिली, तर कंटेनर काढताच नोंदीही जातात, म्हणून तिला व्हॉल्यूम, म्हणजे कंटेनरबाहेरची कायमची जागा, हवाच. प्रकल्पाचा फोल्डर आत जोडला असेल, तर जँगोच्या 'मेकमायग्रेशन्स' या आज्ञेने तयार केलेल्या फाइलींची मालकी रूटकडे, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याकडे, जाते आणि बाहेर त्या संपादित होत नाहीत. 'डॉकर रन'ला '-यू' देऊन आपला वापरकर्ता क्रमांक सांगितला की हे टळते. आणि सुडोचा कंटाळा आला म्हणून कोणालाही 'डॉकर' गटात टाकू नये. त्या गटातला माणूस व्यवहारात रूटच असतो.

मराठी मजकूर हाताळणाऱ्यांसाठी दोन खास गोष्टी. कंटेनरचे घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असते आणि जँगोच्या नव्या प्रकल्पातही 'टाइम_झोन' यूटीसीच असतो, त्यामुळे पावतीवरची वेळ ५ तास ३० मिनिटे मागे दिसते. सेटिंग्जमध्ये 'एशिया/कोलकाता' लिहावे. दुसरे, स्लिम प्रतिमेत देवनागरी फाँट नसतो. ब्राउझरमध्ये सगळे नीट दिसते, कारण तिथे फाँट पाहणाऱ्याच्या संगणकाचा. पण सर्व्हरवर पीडीएफ बनवली की नावांच्या जागी चौकोन. डॉकरफाइलमध्ये 'एपीटी-गेट अपडेट' आणि 'फाँट्स-लोहित-देवा'चे इन्स्टॉल एकाच 'रन' ओळीत लिहावे. वेगळ्या ओळींत लिहिले तर अपडेटचा जुना, साठवलेला थर वापरला जातो आणि काही आठवड्यांनी 'पॅकेज सापडत नाही' असे उत्तर येते.