४० हजार किलोमीटर, पण कुठल्या रस्त्यावरचे?

गेल्या महिन्यात भाचीसाठी सेकंड हँड गाडी बघायला कासारवडवलीला गेलो होतो. मीटरवर ४० हजार किलोमीटर, एकाच मालकाची, रंगाला ओरखडा नाही. भाची खूश. मी मालकांना विचारलं, "ऑफिस कुठे होतं तुमचं?"

"बोरिवलीला. रोज घोडबंदर रोडनेच जायचो."

तेव्हाच क्लच नीट बघायचा हे ठरवलं.

इंजिन फिरतंय आणि चाकं थांबली आहेत, अशा दोघांची हळूच गाठ घालून देतो तो क्लच. एका बाजूला इंजिनाचं फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूला प्रेशर प्लेट, मध्ये दोन्ही अंगांना खरखरीत अस्तर असलेली क्लच प्लेट. पेडल पूर्ण सोडलं की तिन्ही एकत्र फिरतात, घासणं थांबतं. म्हणून एक्स्प्रेसवेने पुण्याला जाताना प्लेट जवळजवळ झिजत नाही. ती झिजते गाडी उचलताना आणि हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, रेंगाळताना. मीटर याची नोंद ठेवत नाही.

घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या घाटात लोक ट्रकमागे हाफ क्लचवर गाडी धरून ठेवतात. त्याचा हिशेब मांडून बघा. टनभर वजनाची गाडी आणि १२ फुटांना १ फूट चढ धरला, तर गाडी मागे येऊ नये म्हणून चाकांना साधारण ८०० न्यूटन जोर लावावा लागतो. पहिल्या गिअरमुळे क्लचवर त्याचा पीळ (टॉर्क) उरतो सुमारे १६ न्यूटन-मीटर. इंजिन मिनिटाला १२०० फेरे घेत असेल, तर ही शक्ती होते २ किलोवॉट. गाडी तर जागची हलत नाही. म्हणजे बाथरूममधल्या गीझरएवढी उष्णता त्या बंद डब्यात, एका पातळ प्लेटवर! अस्तर बांधून ठेवणारं रेझिन जळतं, पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, जळका वास येतो. हँडब्रेक ओढला असता तर यातलं काहीच झालं नसतं. एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीतही असाच क्लच असतो, तो फक्त मशीन दाबतं. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी धरणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

घसरणारा क्लच हळू चालवताना कळत नाही, कारण तेव्हा पीळ कमी असतो. म्हणून मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये, ताशी ४० च्या वेगाला मी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. आरपीएमचा काटा झपकन वर गेला, वेग मात्र रेंगाळला. प्लेट गेलेली.

दुसरा गिअर टाकताना मात्र खरखर नव्हती. गिअरबॉक्समधल्या सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगा आधी घासून दोन्ही भागांचा वेग जुळवतात, मग दात एकमेकांत बसतात. ट्रॅफिकमध्ये दुसऱ्या गिअरची रिंग सगळ्यात जास्त राबते. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल चक्कर मारली. चाकाजवळच्या ॲक्सलच्या जॉइंटमधून 'कट-कट' आवाज आला नाही. चाकामागे वाकून पाहिलं, ॲक्सलचा रबरी बूटही शाबूत होता. तो फाटला की ग्रीस बाहेर उडतं, पावसाचं पाणी आणि रेती आत जाते, आणि जॉइंट वाजू लागतो.

क्लच सेटचा खर्च वजा करून गाडी घेतली. मेकॅनिकने गिअरबॉक्स उतरवला तेव्हा अस्तर झिजून, ते प्लेटला धरून ठेवणाऱ्या रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत आलं होतं, आणि फ्लायव्हीलवर निळसर डाग होते. लोखंड ३०० अंशांच्या आसपास तापलं की असा रंग चढतो.