धुरकट उंदीर आणि ठिपकेदार वृक्षबेडूक

आग्नेय ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया व न्यू साउथ वेल्स या राज्यांत आढळणाऱ्या दोन संकटग्रस्त प्रजाती. धुरकट उंदीर (स्यूडोमिस फ्यूमियस) झुडपी जंगलात बिळे करून राहतो. ठिपकेदार वृक्षबेडूक (लिटोरिया स्पेन्सेरी) डोंगरातल्या खळाळत्या ओढ्यांकाठी, बहुधा खडकांवर दिसतो आणि पाण्यातल्या मोठ्या दगडांखाली अंडी घालतो.

उंदराचा आहार ऋतूप्रमाणे बदलतो. उन्हाळ्यात बिया, फळे आणि डोंगरावर थव्यांनी येणारे बोगाँग पतंग. हिवाळ्यात जमिनीखाली वाढणारी कवके. बिया पुरवणाऱ्या शेंगवर्गीय झुडपांची मुळे फायटोफ्थोरा या मातीतल्या रोगकारक सूक्ष्मजीवामुळे कुजतात, आणि तिथला उंदीर उपाशी पडतो. त्यात बाहेरून आणलेले कोल्हे आणि रानात मोकाट वाढलेली मांजरे यांची भर.

बेडकाचा रोग थेट कातडीत शिरतो. काइट्रिड बुरशीमुळे त्वचेतून होणारी क्षारांची देवाणघेवाण बिघडते आणि अखेर हृदय बंद पडते. गळाच्या मासेमारीसाठी ओढ्यांत सोडलेले ट्राउट मासे त्याचे टॅडपोल फस्त करतात. न्यू साउथ वेल्समधील एका ओढ्यावर 1990च्या दशकात या बेडकांची संख्या कोसळली. पुढे बंदिस्त जागेत पैदास करून तिथे पुन्हा बेडूक सोडावे लागले.

संवर्धनाच्या दृष्टीने खरा फरक इथे आहे. सापळे लावून कोल्हे-मांजरे कमी केली, तर उंदराला लगेच उसंत मिळते. बेडकासाठी मात्र ट्राउट हटवणे हा अर्धाच उपाय ठरतो, कारण ओल्या मातीतून व पाण्यातून पसरणाऱ्या बुरशीला कुंपण घालता येत नाही. झाडांची मुळे कुजवणारा रोगही चिखलातूनच पसरतो, म्हणून अशा जंगलांत पायवाटांवर बूट घासून निर्जंतुक करणे हा साधासा नियम दोन्ही प्रजातींच्या कामी येतो.

वणव्याचा फटका दोघांना बसतो, पण वेगळ्या वाटेने. आगीनंतरच्या पावसात राख व गाळ ओढ्यात उतरतो आणि अंडी असलेल्या दगडांमधल्या फटी बुजतात. उंदराचे झुडपी छत्र जळते, मग उघड्यावर तो शिकाऱ्यांना सहज सापडतो. 2019-20च्या वणव्यांत तर पैदास केंद्रात ठेवलेले नऊ धुरकट उंदीर धुराने दगावले. आग त्या केंद्रापासून 20 किलोमीटरहून अधिक दूर होती.